मेस्त्रींचा काटा

काम संपलं की कारागीर चहा मागतात. दत्तू मेस्त्री खुर्ची मागायचे. पाइप जोडून झाला, त्यात दाबाची हवा भरली, की त्यावर बसवलेल्या मीटरसमोर खुर्ची टाकून ते जे बसायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठायचे. कुठला जोड गळत असेल तर मीटरचा काटा खाली येतो. चाळीस वर्षांत आपला काटा एकदाही पडलेला नाही, हे ते पहिल्या भेटीतच सांगत. नाव मागाहून.

मी त्यांच्या हाती सापडलो तो सत्याऐंशीच्या सुमाराला. रत्नागिरीत माझा फोटो स्टुडिओ होता, आणि रंगीत फोटो धुण्याचं यंत्र घ्यायची दुर्बुद्धी मला सुचली होती. त्या यंत्राला थंड खोली लागते, आणि माझी खोली घराच्या अगदी पोटात. बाहेरची भिंतच नाही. म्हणून दोन तुकड्यांचा एसी मागवला. एक तुकडा खोलीत, एक मागच्या परसात, आणि दोघांना जोडणारा तांब्याचा पाइप आमच्या स्वयंपाकघरातून. शनिवारी संध्याकाळी मुंबईहून यंत्र लावणारा माणूस येणार होता. खोली थंड नसली तर तो आल्या पावली परत जाणार, आणि माझी लग्नसराई बुडणार. एसी आला सोमवारी, पण तो बसवणारा माणूस गावात मिळेना. शेवटी कुणीतरी मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मेस्त्रींचं नाव सुचवलं.

"आख्ख्या बंदराचा मासा थंड ठेवलाय मी," ते एसीकडे बघून म्हणाले. "ही तर वाऱ्याची पेटी हाय."

आईची परवानगी मिळवणं मला अवघड वाटत होतं. पाइप स्वयंपाकघरातल्या देवांच्या वरून जाणार होता. तिने एकच विचारलं, "तांब्याचा आहे ना? मग जाऊ दे."

मेस्त्रींनी चिऱ्याच्या भिंतीला छिनीने भोक पाडलं, तेही बाहेर उतरतं. "नायतर पावसाचं पाणी थेट तुमच्या आमटीत, काकू!" मग पाइप गुडघ्यावर घेऊन वाकवायला बसले. वाकवताना पाइपशी बोलणं चालू. "ये... ये हळू... घाई कुणाला हाय?" मी हसलो तर माझ्यावरच उखडले. "तांब्याला दरडावायचं नाय, भाऊ! दरडावलंत की चिमटतो, आणि चिमटला की मेला." बुधवारी दुपारी पाइपमध्ये हवा भरली आणि दाढीच्या जुन्या ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस फासला. बुडबुडा फुगला तर जोड गळका. एकही फुगला नाही. मग मेस्त्री खुर्चीत विराजमान झाले.

जेवायची वेळ झाली तसं आईने त्यांचं ताट घेतलं.

"ताट कशाला, काकू? मी घरी टोपातच जेवतो. एकट्या माणसाला ताट म्हणजे घासायला एक भांडं जास्ती."

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा मुंबईला, हे त्यांनी कुळथाचं पिठलं ओरपता ओरपता सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. आईने पुन्हा भात वाढला.

संध्याकाळी ते मांडवीला घरी निघाले तेव्हा मी खवचटपणे विचारलं, "मग रात्री काटा कोण बघणार?"

"रात्री तो पण झोपतो," मेस्त्री म्हणाले.

गुरुवारी सकाळी काटा चांगला बोटभर खाली आला होता. मेस्त्रींचा चेहराच उतरला. "माझा नाय हा. माझा काटा पडत नाय," असं पुटपुटत त्यांनी ब्रश काढला. देवांच्या वरच्या जोडाला भला मोठा बुडबुडा फुगला. तो जोड मात्र सोन्यासारखा लखलखत होता.

"मीच घासला आमसुलाने," आई म्हणाली. "देवांच्या डोक्यावर डागाळलेलं तांबं बरं दिसतं का? नटामागचं निघेना म्हणून पान्याने जरा फिरवला. पुन्हा आवळलाय हो मी!"

मेस्त्री इतके हसले की त्यांना पाठ टेकावी लागली. "काकू, चाळीस वर्षं कारखान्यातल्या अमोनियाला पुरून उरलो, आणि तुमच्या आमसुलानं मारलं! पण काटा पाडलात तुम्ही. माझा पडलेला नाय, काय?" जोड आवळला, पुन्हा हवा भरली. "आता पुन्हा एक दिवस बसणं आलं," हे ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला संशय आला.

मी मुंबईला ट्रंककॉल लावून एसीवाल्यालाच विचारलं. तो खो खो हसला. "बसतंय कोण? काट्याशी खूण करायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं."

तावातावाने मी स्वयंपाकघरात शिरलो. मेस्त्री मीटरकडे पाठ करून खवणीवर नारळ खवत बसले होते, आणि आईला बंदरावरच्या कसल्याशा भांडणाची नक्कल करून दाखवत होते. डोळ्यांना पदर लावून आई हसत होती. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मला आठवत नव्हती.

तिला बाजूला घेऊन मी ट्रंककॉलचं सांगितलं.

"मला कळत नाही होय?" ती म्हणाली. "कालपासून चारदा बघितलं असेल त्यांनी त्या काट्याकडे."

"मग?"

"मग काय? तू आपले फोटो काढ जा."

शुक्रवारी सकाळी काटा जागच्या जागी होता. हवा काढून एसीचा गॅस भरायला दुपार पुरणार होती. मेस्त्री उठले. एकेक पाना फडक्याने पुसून पिशवीत ठेवू लागले. पुसलेला पाना पुन्हा पुसला.

आई पदराला हात पुसत आली. चष्मा डोळ्यांवर नव्हता, आणि त्याच्याशिवाय तिला दारातला माणूस ओळखू येत नाही. ती मीटरपाशी वाकली.

"मेस्त्री, मला मेलीला काटा कणभर खाली वाटतो हो."

मी बघितलं. काटा तसूभरही हलला नव्हता. मेस्त्रींनीही बघितलं, बराच वेळ. मग त्यांनी आईकडे बघितलं. चाळीस वर्षांत कुणासमोर जे कबूल केलं नव्हतं ते ते अगदी हळू म्हणाले,

"पडलाय खरा, काकू. माझाच जोड कच्चा राहिला."

"मग गॅस उद्या सकाळी भरा," आई म्हणाली. "आज घावन करत्ये."