लाल डागाचं निर्मूलन

जमिनीवर उभं राहून जमीन दिसत नाही, हे सत्य सरकारला फार उशिरा, म्हणजे १९९६ साली उमगलं. त्यासाठी नऊशे किलोमीटर वर जावं लागतं. नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचे अभियंते काकासाहेब मात्र खुर्चीवरून न उठता तिथवर पोचले. हुकूम आला होता: पृथ्वी तापत चालली आहे, आपापल्या हद्दीपुरती थंड करून अहवाल पाठवावा. सोबत उपग्रहानं टिपलेला शहराचा रंगीत नकाशा.

नकाशात बाजाराचे पत्रे निळसर आणि भीमवाडी लालभडक. लाल म्हणजे गरम, निळं म्हणजे गार, हे काकासाहेबांना लॉजच्या न्हाणीतल्या तोट्यांवरून पाठ होतं. (अशा नकाशात झाडी लाल दिसते, असा खुलासा कोपऱ्यात छापलेला होता. तो चौकटीत मावेना, म्हणून कापून टाकला. चौकट सागवानी होती.)

पथक पाहणी करून आलं. लाल भागात सापडलेल्या, म्हणजे उष्णतेला जबाबदार असलेल्या वस्तू: लिंब एकतीस, चिंचा चार, वड एक, कोंबड्या बऱ्याच (पळाल्यानं वगळल्या). उपाय उघडच होता. ही छत्तीस झाडं काढायची, तिथं तीनशे साठ खड्डे घ्यायचे आणि शहर गार करण्यासाठी त्यात झाडं लावायची.

पहिला लिंब चांगुणाबाईच्या दारातला. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या सासऱ्यानं लावलेला. फांदीला दोन महिन्यांच्या नातीची झोळी. मे महिन्यात पोर घरात, पत्र्याखाली ठेवली तर उकडून निघायची.

"जय भीम, साहेब. कुऱ्हाडी कशापायी आणल्या?"

"बाई, हा भाग शहरात सगळ्यात गरम आहे."

"कोन म्हनलं?"

काकासाहेबांनी आदरानं आभाळाकडे बोट केलं.

"त्याला म्हनावं, खाली ये. तुमी आलाच हाय, तर बूट काढा. आदी हितं सावलीत उभं ऱ्हावा, मंग बाजारात. जितं पाय पोळंल, तितं घाला कुऱ्हाड."

काकासाहेबांनी बूट काढले नाहीत. तळपायावर विश्वास ठेवायचा, तर देशानं आभाळात एवढा खर्च करायचा कशाला? (शिवाय मोजा फाटका होता. ही बाब अहवालात नाही.)

"पोर काढून घ्या," ते म्हणाले.

चांगुणाबाईनं झोळी सोडली. "आता हिला कुटं निजवू, त्येबी वरनंच बघून सांगा."

काकासाहेबांनी सूचना नोंदवून घेतली.

दिवस मावळायच्या आत भीमवाडी मोकळी झाली. खड्डे झाले. रोपं आली नाहीत, पण 'झाडे लावा' असे तीनशे साठ फलक आले आणि खड्ड्यांत नीट उभे राहिले. पोर घामोळ्यांनी फुटली, दोनदा दवाखान्यात नेली. ते खातं वेगळं.

पुढच्या वर्षी नवा नकाशा आला. भीमवाडीवर लालाचा ठिपका उरला नव्हता. सगळी वाडी बाजारासारखी निळसर, गारेगार. पेपरानं दोन्ही नकाशे शेजारी शेजारी, रंगीत छापले. आठवड्यात नगरपालिकेकडे अभिनंदनाची चारशे बारा पत्रं आली. भीमवाडीत माणसं राहतात का, राहत असतील तर कशी, असं एकानंही विचारलेलं नव्हतं.

तुमचं पत्र काकासाहेबांनी काचेखाली ठेवलंय. अक्षर छान आहे तुमचं.