भाताकडे कोण बघतंय?

सिरसीच्या आसपास लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी मुहूर्त काढत नाही, सुब्राय भट्ट आचारी मोकळे आहेत का ते बघतो. निदान सुब्राय भट्टांचं तसं ठाम मत होतं.

पंगत उठली की भट्ट हात पुसत दारात उभे राहायचे. "कसं झालं जेवण?"

"होळिगे म्हणजे होळिगे झाली हो, भट्टरे!"

जो तो हेच म्हणायचा. भाताबद्दल वीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. मग भट्टही होळिगेतच, म्हणजे आपल्या पुरणपोळीतच, रमत गेले. पुरण दोनदा वाटायचं, तूप स्वतः कढवायचं, लाटणं दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. भाताच्या चुलीकडे जाता-येता एक नजर. पुढे पुढे तीही नाही.

"अहो, भाताकडे कोण बघतंय?" बायको, नागवेणी, विचारायची.

"भात आपला आपण शिजतो."

तिरुमल हेगड्यांच्या मुलीच्या लग्नात तो आपला आपण करपला. पहिल्या पंगतीला दोनशे माणसं पानावर बसलेली आणि हंड्यातून जळका वास. हेगडे धावत आले. "भट्टरे, आता पानात काय वाढू? माझी अब्रू?"

भट्ट डगमगले नाहीत. "होळिगे वाढा. आधी गोड, मग भात. मोठ्या घरांतून हल्ली असंच वाढतात."

नागवेणीने नवा भात चढवला. तो शिजेपर्यंत वाढपी आग्रह करत फिरले. माणसांनी सहा-सहा होळिगे हाणल्या. भात उतरला तेव्हा होळिगेची टोपली रिकामी होती आणि नवऱ्याकडची मंडळी दुसऱ्या पंगतीला बसत होती.

नवऱ्याचे मामा पानाकडे बघून म्हणाले, "होळिगे दिसत नाही?"

हेगड्यांनी भट्टांकडे पाहिलं.

"आधी भात घ्या," भट्ट म्हणाले. "आत्ताच उतरवलाय."

मामा पानावरून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारी नवऱ्याच्या आजीने सारभाताचा घास घेतला. "बस रे खाली," ती म्हणाली. "बिनदाताच्या माणसाची आठवण ठेवणारा आचारी आज पहिल्यांदा भेटला. काय मऊ भात आहे!"

मामा बसले. लग्न पार पडलं.

दोघं घरी निघाली. "घाबरलात ना?" नागवेणीने विचारलं.

"छे. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या भाताला कुणी नावाजलं."

"भात मी केला होता."

भट्टांना ते ऐकू गेलं नाही.

पुढच्या लग्नात ते सकाळपासून भाताच्या चुलीशी पाट टाकून बसले. तांदूळ स्वतः निवडले, सात पाण्यांनी धुतले, पुरणाचं काम हाताखालच्यांवर सोपवलं. भात असा उतरला की शीत न् शीत वेगळं. पंगत उठली तसे ते दारात जाऊन उभे राहिले.

"कसा झाला भात?"

पहिला पाहुणा चूळ भरता भरता थांबला. "भात ना? होता की. पण भट्टरे, होळिगेत गूळ घालायचा राहिला का हो?"