बेकरी बचाव समितीचं निर्विवाद यश

कोपऱ्यावरची बेकरी महिनाअखेर बंद होणार हे कळताच आमच्या गल्लीला मोठा धक्का बसला. तीन पिढ्यांची बेकरी! सकाळी तिचा वास आला नाही तर आमच्यातल्या कित्येकांना उठल्यासारखं वाटत नसे. त्याच संध्याकाळी, मोठ्या दुकानातून घरपोच मागवलेला पाव खात खात, आम्ही 'बेकरी बचाव समिती' स्थापन केली.

नव्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरचे निवृत्त साहेब बिनविरोध अध्यक्ष झाले, कारण विरोध करायला त्यांनी कोणाला तोंडच उघडू दिलं नाही. बैठका बेकरीतच घ्यायचं ठरलं. तिथं खुर्च्या नव्हत्या, म्हणून पीठ मळायच्या लांबलचक टेबलावर आम्ही बसलो. बेकरीवाले मामा पिठाचं घमेलं धरून बाजूला उभे राहिले.

"साहेब, जरा उठता का? पीठ पार वर आलंय."

"मामा, आम्ही तुमच्याच भल्यासाठी बसलोय ना?" अध्यक्ष म्हणाले.

ते पीठ वाया गेलं. पुढच्या बैठकीचंही गेलं. शेवटी मामांनी हात जोडले. "ती समिती राहू द्या हो. प्रत्येक घराने रोज एक पाव नेला तरी माझं दुकान चालेल. मला कुठं हौस आहे बंद करायची? याशिवाय दुसरं येतं काय मला?"

सगळ्यांना आपापल्या अडचणी आठवल्या. वकीलबाईंनी मैदा सोडला होता. शेजारचे काका म्हणाले, "आमच्याकडे पोरांनाच पाव लागतो, पण तो कापलेला लागतो."

"मी देते की कापून!" आतून मामी म्हणाल्या.

"तसं नाही मामी. पिशवीवर चित्र लागतं."

हा मुद्दा फारच व्यावहारिक असल्याने अध्यक्षांनी तो बाजूला ठेवला आणि आम्ही थेट वारसा खात्याकडे गेलो. खात्याने अभूतपूर्व तत्परता दाखवली. अधिकारी आले, भट्टीत डोकावले, फळीवरचा एक पाव दाबून पाहिला आणि तिथल्या तिथं बेकरीला संरक्षण दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामाही वाजवत होते.

"आता जे जसं आहे ते तसंच राहील," अधिकारी म्हणाले. "फळीवरचे पावसुद्धा."

मामांचे हात थांबले. "म्हणजे विकायचे नाहीत?"

"वारसा विकणार तुम्ही?"

"बरं, हे राहू द्या. नवे भाजतो."

"नवे भाजलेत तर ते जुने कसे म्हणायचे?"

"मग भट्टी विझवू?"

"पाहणीच्या वेळी पेटलेली होती. पेटलेलीच ठेवावी लागेल." मग त्यांचं लक्ष मामींकडे गेलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "यांनी शक्यतो असंच बसावं. एकूण वातावरणाला पूरक आहे."

मामा रिकामी भट्टी तापती ठेवू लागले. फळीवरचे पाव आधी वाळले, मग दगड झाले, मग त्यांना बुरशी आली. बुरशी पाहणीच्या वेळी नव्हती, म्हणून ती काढायला परवानगी होती. पण तिच्याबरोबर पावाचा कणही निघता कामा नये, असं खात्याने बजावलं. वास मात्र येईना. तेव्हा खात्याने वासाचं यंत्र बसवलं. मामींना त्याने शिंका येत. आम्हाला तो वास पूर्वीपेक्षा बरा वाटला.

बेकरी पाहायला लांबून लोक येऊ लागले. पूर्वी रोज न चुकता पाव नेणाऱ्या एकमेव गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या बाई. त्यांना गर्दीतून वाट काढत आत यावं लागे. त्या खात्याने बसवलेल्या काचेपलीकडून म्हणायच्या, "मामा, एखादा तरी?" मामा मान हलवत. एकदा ते सगळ्यांदेखत रडले. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी मामांनी अध्यक्षांच्या हातात किल्ली ठेवली. "भट्टी तापलेली असताना रिकाम्या हातांनी बसवत नाही, साहेब. मुलीकडे जातो." मामी त्यांच्याआधीच रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

त्यांच्या जाण्याने समितीच्या कामात खंड पडला नाही. खात्याने कंत्राटी पद्धतीवर एक मामा आणि एक मामी नेमल्या. नव्या मामी कपाळाला हात लावून फारच छान बसतात. बेकरी वाचली आहे.

आता इतर गल्ल्यांतूनही आम्हाला बोलावणी येत आहेत. तुमच्याकडेही असं एखादं जुनं दुकान असेलच. ते बंद पडू नये असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर समितीला जरूर कळवा. त्या दुकानातून तुम्ही शेवटचं काय आणि कधी घेतलंत, असले खासगी प्रश्न आम्ही विचारत नाही. आमच्या गल्लीतही ते कोणी कोणाला विचारले नाहीत.