सटवाजी अस्वलाची पाठ

एका जंगलात मंगळवार होता, बालमित्रांनो. अगदी साधा मंगळवार. ऊन नेहमीइतकंच, माश्या नेहमीइतक्याच. निवृत्त बचावपटू सटवाजी अस्वल एका वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत बसला होता.

तेवढ्यात टिटवी आली. जंगलातल्या बातम्या तीच आणायची. चांगली बातमीही ती किंचाळूनच सांगायची, म्हणून तिच्या किंचाळण्याने कोणी दचकत नसे.

"सटवाभाऊ, रंगा गेला!"

"कुठल्या संघात?" सटवाजीने तोंड बाहेर न काढताच विचारलं.

"अहो, संघात कुठला, वर गेला! जांभळीवरून पडला सकाळी. शेंड्याची फांदी मोडली."

सटवाजीने तोंड बाहेर काढलं. नाकावर वाळवी तशीच चिकटलेली.

"खाली कोणी नव्हतं?"

"खाली कोण असणार?" टिटवी म्हणाली आणि पुढच्या झाडाला सांगायला उडाली.

सटवाजी पुन्हा वारुळाकडे वळला. पण त्याने काही खाल्लं नाही. नुसतंच तोंड आत घालून बसला. आत अंधार असतो आणि कोणी काही विचारत नाही.

आता तुम्ही विचाराल, हा रंगा कोण? त्यासाठी आधी खेळ समजून घ्यायला हवा.

फार दूर दक्षिणेला एक मुलूख आहे. तिथली जनावरं पोटाला पिशवी लावून हिंडतात. तिथला हा खेळ हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांनी आपल्या जंगलात आणला. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल. त्यामुळे तो टप्पा पडल्यावर कुठे उसळेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर गोल, म्हणजे सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण.

चुकल्याबद्दल गुण! जंगलाला हा खेळ एका दिवसात आवडला.

रंगा हे नदीपलीकडच्या संघाचं वानर. त्याचं काम गोल करणं. सटवाजी अलीकडच्या संघाचा. त्याचं काम रंगाला गोल करू न देणं. सटवाजीची सारी कारकीर्द एवढ्या एका वाक्यात मावते, आणि ते वाक्यही अर्धं रंगाचंच आहे.

सटवाजीला घडवलं ते भिकोबा रानडुकराने. भिकोबा अलीकडच्या संघाचा प्रशिक्षक होता. तो स्वतः कधी खेळला नव्हता, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं.

"चेंडू उंच आला की झेलायचा नाही," भिकोबा सांगायचा. "झेलायला दोन हात लागतात, अक्कल लागते, वर नशीब लागतं. आपल्याकडे यातलं काय आहे?"

"मूठ आहे," सटवाजी म्हणायचा.

"शाब्बास! ठोसा मार. कुठे जाईल तिकडे जाऊ दे. अगदीच अंगावर आलं, तर आपणच चेंडू बाजूच्या खांबांतून ढकलून मोकळं व्हायचं. त्यांना एक मिळतो, सहा हुकतात. एक देऊन सहा वाचवणारा कधी हरत नाही, सटवा."

सटवाजीने हे वाक्य मनात कोरून ठेवलं. मग ते मैदानातून घरीही आलं. मेहुणीच्या लग्नाला आठवडाभर राहायचं असलं, तर तो हळदीपुरता जाऊन परत यायचा. बायको, सगुणा, एकदा चांदण्यात म्हणाली, "अहो, मी आवडते ना तुम्हाला?" सटवाजी म्हणाला, "हं." एक गुण देऊन टाकला. सगुणा समजूतदार होती. तिने तो घेतला.

रंगाचं सगळं याच्या उलट. चेंडू उंच आला की तो सटवाजीच्या पाठीवर गुडघा रोवायचा, खांद्यावर पाय द्यायचा आणि तिथून आभाळात जायचा. तिथे चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा, आणि सगळं जंगल उभं राहायचं. अशाच एका झेपेचं चित्र सुगरणींनी गवतात विणलं आणि ते झाडाझाडावर टांगलं गेलं. वर रंगा, मागे सूर्य, खाली काहीतरी काळं.

"हा खडक कुठला म्हणायचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी आहे तो," सटवाजी म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत. आम्ही नदीकाठचा समजत होतो."

चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की या दोघांना काही काम नसे. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, बस. रंगाची जीभ शेपटीपेक्षा लांब होती.

"सट्या, तेल लावून आलास की काय? मघाशी पाय घसरला माझा."

"गप."

"कडेलोट झाला असता रे. पाठ म्हणजे पाठ आहे तुझी. आमच्या घराला अंगण नाही एवढं."

"गप म्हटलं ना."

"हसलास! मिशी हलली."

सटवाजी हसायचा नाही. समोरच्याच्या विनोदाला हसायचं नाही आणि त्याने दिलेलं फळ खायचं नाही, हा भिकोबाचा नियम होता. पण बायकोपेक्षा जास्त वेळ त्याने रंगाशेजारी काढला होता. रंगाला सर्दी झाली की सगळ्यांत आधी ती सटवाजीला कळायची. मानेवरच शिंकायचा तो.

दोघं एकाच हंगामात खेळायचे थांबले. जाणाऱ्या खेळाडूला सोबत्यांनी खांद्यावरून मैदानाबाहेर न्यायचं, अशी या खेळात रीत आहे. रंगाला त्याच्या वानरांनी फुलासारखं नेलं. इकडे सटवाजीखाली दोन सांबरं आणि एक नीलगाय घुसली. त्यांनी जोर केला, अंग चोरलं, एकमेकांना शिव्या दिल्या. शेवटी सटवाजीच म्हणाला, "राहू द्या," आणि चालत निघाला.

रंगा सोबत्यांच्या खांद्यावरून उडी मारून त्याच्याजवळ आला.

"मला पेलवला असतास तर मी नेलं असतं रे, सट्या. आजवरची फेड झाली असती." मग म्हणाला, "जांभळं खायला ये आमच्याकडे. ज्येष्ठात जांभळी लगडते नुसती. आता कसला सामना नि कसला भिकोबा?"

रंगाने हे सरळ म्हटलं होतं. त्यात विनोद नव्हता. सटवाजीला ते उंचावरून थेट आपल्याकडे येताना दिसलं. मूठ आपोआप वळली.

"येईन कधीतरी," तो म्हणाला.

एक देऊन सहा वाचवले.

पुढे दर ज्येष्ठात टिटवीबरोबर निरोप यायचा. सटवाजी कधी गुडघ्याचं सांगायचा, कधी नदीच्या पाण्याचं. अस्वलं पोहतात, बालमित्रांनो. झाडावरही उत्तम चढतात.

तर, रंगा गेला आणि शोकसभा भरली. अध्यक्षस्थानी भिकोबा. जंगलात कोणीही गेलं तरी अध्यक्षस्थानी भिकोबाच असे.

"सटवा, दोन शब्द बोल," तो म्हणाला. "तू सगळ्यांत जवळचा."

सटवाजी उभा राहिला. त्याच्या छातीतून काहीतरी वर आलं, लंबगोल, कुठे उसळेल याचा भरवसा नसलेलं. ते घशापर्यंत आलं. झेलायला दोन हात लागले असते.

"खेळाडू बरा होता," सटवाजी म्हणाला आणि खाली बसला.

"किती संयम!" सभा म्हणाली.

मग रंगाच्या पुतळ्याचा ठराव झाला. मातीकामात वाळवीसारखं कोणी नाही, म्हणून काम वाळवीच्या राणीकडे गेलं. पुतळा झेपेतलाच हवा, असं भिकोबाचं म्हणणं पडलं. राणीने तसा केला. तो कोसळला. पुन्हा केला, पुन्हा कोसळला.

"माती हवेत राहत नाही, साहेब," राणी म्हणाली. "खाली पाठ लागेल."

"मग सटवाची घ्या की."

"तो माझी प्रजा खातो!"

शेवटी असं ठरलं, की सटवाजीने लांब उभं राहायचं आणि तोंड बांधून घ्यायचं. तो तसा उभा राहिला. पाठ हुबेहूब उतरली, रंगाच्या गुडघ्याने पडलेल्या खळग्यासकट. डोकं केलं नाही, कारण ठरावात डोक्याचा उल्लेख नव्हता. खाली पाटी लागली: 'ज्याला कोणी अडवू शकलं नाही.'

सटवाजी पाटी वाचत असताना टिटवी शेजारी येऊन बसली. या वेळी ती किंचाळली नाही.

"सटवाभाऊ, रंगाच्या घरून वहिनींचा निरोप आहे. जांभळं पिकलीत."

"बरं."

"त्या म्हणाल्या, खालच्या जाड फांदीवर यांनी कोणाला कधी बसूच दिलं नाही. पोरं चढली तरी उठवायचे. म्हणायचे, ती सट्याची आहे, त्याला बारीक फांदी चालणार नाही. स्वतः आपले शेंड्याला बसायचे."

सटवाजीची मूठ घट्ट आवळली गेली. समोरून काही येत नव्हतं, तरी.

संध्याकाळी सगुणा म्हणाली, "जाऊन या हो. मी येऊ का बरोबर?"

"बघू," सटवाजी म्हणाला.

तात्पर्य: बालमित्रांनो, बचाव असावा तर सटवाजीसारखा. जो एक देऊन सहा वाचवतो तो कधी हरत नाही, आणि सटवाजी आजतागायत हरलेला नाही. तुम्हीही मुठी वळायला आतापासून शिका. जांभळीची खालची फांदी अजून रिकामी आहे. सटवाजी तिच्यावर चढलेला नाही.