मेहुण्याची पत

"तुम्हाला इतिहास नाही, न्ताते," बँकेतली केनेउवे पडद्यावरची नजर न काढता, पण वडीलधाऱ्याला म्हणायचं ते 'न्ताते' न विसरता म्हणाली.

"कसला इतिहास?"

"उधारीचा. कुणाकडून काही घेतलंत, मग फेडलंत, असं कुठंच दिसत नाही."

मुलगा डॉक्टर झाल्याचं सांगताना लोक जसा घसा साफ करतात, तसा तो साफ करून सेआबाता मोलेको म्हणाला, "अठ्ठावन्न वर्षांत एका रँडचंही देणं केलेलं नाही."

"तेच तर म्हणतेय. म्हणून कर्ज देता येत नाही."

बोत्शाबेलोच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेआबाताचं थडग्यांच्या दगडांचं आवार होतं. दाराशीच पाटी होती: 'उधार नाही. मेलेल्यांनाही नाही.' गिऱ्हाईक हप्त्याने पैसे भरू शके, पण दगड आपल्या पद्धतीने देणार. पहिल्या हप्त्याला सेआबाता नाव कोरायचा, निम्मी रक्कम आली की जन्मतारीख, आणि शेवटचा हप्ता हातात पडला की मृत्यूची तारीख. तोवर माणूस त्याच्या लेखी जिवंत. कुंपणाला टेकून असे सात-आठ अर्धवट मेलेले लोक कायम उभे असत, आणि त्यांचे नातलग लांबच्या रस्त्याने बाजाराला जात. त्यांत सेआबाताची सासूही होती. तिच्या दगडाचे पैसे भरणं हे थोरल्या मुलाचं काम, आणि तो थोरला मुलगा म्हणजे सेआबाताचा मेहुणा पाकिसो. त्याने निम्मे भरले आणि थांबला. सहा वर्षं सासूबाई नाव आणि जन्मतारीख घेऊन कुंपणापाशी उभ्या होत्या. बायकोने, म्हणजे माथाबेलोने, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. सेआबाताचं एकच, "नियम म्हणजे नियम. आज सासूला सोडलं तर उद्या अख्खं गाव सासू होऊन येईल."

पण आवाराची जमीन त्याची नव्हती. सव्वीस वर्षं तो जमिनीची मालकीण म्मे दिबुओ हिला भाडं देत होता. ती म्हातारी आता लेकीकडे ब्लूमफाँटेनला निघाली होती आणि जमीन विकायला काढली होती. किंमत एक लाख ऐंशी हजार. "आधी तुला विचारते," ती म्हणाली होती. "ऑगस्ट संपेपर्यंत थांबीन. मग गाड्या धुणारा टपून बसलाय, त्याला देईन." दोन टनांचं दगड कापायचं यंत्र, उचलायची कप्पी आणि सासूबाई यांना घेऊन या वयात कुठं जायचं, हा सेआबातापुढचा प्रश्न. सत्तर हजार साठले होते. उरलेले बँकेने द्यायचे होते, आणि बँकेला इतिहास हवा होता.

सेआबाता तीन मयतभिश्यांचा, म्हणजे पुरण्याच्या खर्चासाठी दरमहा वर्गणी काढणाऱ्या मंडळांचा, सभासद होता; दुसऱ्या दिवशी तो तिन्हींची पुस्तकं घेऊन पुन्हा केनेउवेसमोर बसला.

"हा घ्या इतिहास. तेवीस वर्षं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्गणी. एक जरी रविवार चुकला असेल तर दाखवा."

केनेउवेने पानं उलटली. प्रत्येक महिन्यापुढे खजिनदारणीची सही आणि जांभळा शिक्का. "छान आहे. पण हे कॉम्प्युटरात नाही."

"ज्यांना ज्यांना पुरलं ते सगळे साक्षीदार आहेत."

"त्यांचा फोन नंबर आहे का कुणाचा?" केनेउवेने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. अर्जात तसा रकाना होता.

शेवटी तिला दया आली म्हणा किंवा जेवायची सुट्टी जवळ आली म्हणा, तिने तोडगा सांगितला. "कपड्याच्या दुकानात खातं उघडा, न्ताते. काहीतरी उधार घ्या, हप्त्याने फेडा. सहा महिन्यांत कॉम्प्युटर तुम्हाला ओळखायला लागेल."

फेब्रुवारी होता. सेआबाताने बोटांवर मोजलं. ऑगस्टला बरोबर पोचत होतं.

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात त्याने खातं उघडलं. दुकानातल्या पोरीने सात ठिकाणी सह्या मागितल्या. शिलालेख कोरणाऱ्या माणसाने तेवढं बारीक अक्षर वाचायला हवं होतं, पण त्याचं लक्ष मोज्यांकडे होतं. दोन जोड मोजे आणि एक बनियन, एकशे एकोणतीस रँड, सहा हप्त्यांत. पिशवी घेऊन तो दारापर्यंत गेला, तिथे थबकला आणि परत फिरला.

"हे घे, पोरी. एकशे एकोणतीस."

"आत्ता नाही द्यायचे, न्ताते. महिनाअखेरीला पत्र येईल, मग बावीस रँड भरा."

"पैसे खिशात आहेत."

"असू देत की."

घरी त्याने मोजे कपाटावर ठेवले. घातले नाहीत, आपले नव्हते ना अजून. रात्रभर तो कूस बदलत राहिला. "दुसऱ्याच्या वस्तू घरात घेऊन झोप कशी लागते लोकांना," तो पुटपुटला.

"माझा भाऊ दुसऱ्याच्याच पलंगावर झोपतो, आणि घोरतो," माथाबेलो म्हणाली. "तुम्हीच बघा कोण शहाणा ते."

सकाळी दुकान उघडायच्या आधी सेआबाता दाराशी उभा होता. सगळे पैसे भरले, पावती घेतली आणि तिथेच बूट काढून मोजे घातले. पुढच्या महिन्यात एक टॉवेल घेतला आणि संध्याकाळच्या आत फेडला. एप्रिलअखेर तो छाती काढून बँकेत गेला.

"खातं दिसतंय," केनेउवे म्हणाली. "पण ते झोपलेलं आहे."

"झोपलेलं म्हणजे? दोनदा घेतलं, दोनदा फेडलं."

"इतक्या लवकर फेडलंत की कॉम्प्युटरला घेतल्याचं कळलंच नाही. देणं थोडं अंगावर दिसायला हवं, न्ताते. एकदम घासूनपुसून गेलात तर कुणाला कळणार तुम्ही चिखलात उतरला होता?"

आता पाकिसोला राहवलं नाही. हा नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचा, पगार ठरलेला, आणि आठ दुकानांत त्याची खाती होती. याची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घालण्यात त्याने असा हात बसवला होता की कुठलंच डोकं फार दिवस उघडं पडत नसे. त्याच्याकडचा टीव्ही दारातून आत जाईना, म्हणून खिडकी काढावी लागली होती. खिडकीचे पैसे अजून बाकी होते.

"स्बारी," तो म्हणाला. मेहुणे एकमेकांना स्बारीच म्हणतात, आणि पाकिसो हा शब्द अशा गोडीने उच्चारायचा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशावर जायचा. "तुम्हाला देणंच करता येत नाही. कर्ज म्हणजे वासरू. रोज थोडं थोडं पाजायचं. तुम्ही एका दमात पोट फुटेस्तोवर पाजता आणि मग मेलं म्हणून रडता."

"तू कधी एखादं वासरू मोठं केलंस?"

"माझी आठही अजून दूध पितात. म्हणून तर बँक माझ्यावर जीव टाकते."

पुढच्या शनिवारी पाकिसोने त्याला पाच दुकानं फिरवली. फर्निचर, फोन, भांडी, चपला आणि गाडीची टायरं. सेआबाताकडे गाडी नव्हती. "टायर घेऊन ठेवा, गाडी येईल मागून," पाकिसो म्हणाला. पाचही ठिकाणी अर्ज भरले. पाचही दुकानांनी कॉम्प्युटरला विचारलं, हा कोण? पाचही वेळा कॉम्प्युटर म्हणाला, माहीत नाही. पाच नकार घेऊन दोघं परत आले. रस्त्यात पाकिसोने मॅगविन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, खाल्ल्या, पैसे सेआबाताने दिले. रोख.

जूनमध्ये केनेउवेने कपाळाला हात लावला. "एका दिवसात पाच ठिकाणी मागितलंत? कॉम्प्युटरला वाटतं माणूस बुडायला आलाय."

"मी पाच ठिकाणी मागितलं कारण तुम्ही सांगितलं, मागा."

"मी एका ठिकाणी सांगितलं होतं."

आणि या सगळ्या काळात एक गोष्ट सेआबाताने कुणालाच सांगितली नव्हती. मेपासून कपड्याच्या दुकानाचं दरमहा पत्र येत होतं. मोज्यांचे शून्य, टॉवेलचे शून्य, आणि खाली 'मर्तिकाचा विमा, एकोणीस रँड'. सातपैकी एक सही त्यासाठी होती. सेआबाताचं डोकंच फिरलं. तीन भिश्यांचा सभासद, ज्याच्या दगडांखाली निम्मं बोत्शाबेलो झोपलंय, त्याला हे बनियनवाले मर्तिक विकणार? त्याने लाल पेनाने ओळ खोडली, शेजारी 'मी मागितलं नव्हतं' असं लिहिलं आणि पत्र परत पाठवलं. जूनमध्ये अडतीस आले, तेही खोडले. जुलैत सत्तावन्न आणि वर दंड. त्याने दोन रेघा मारल्या. आयुष्यभर कुणाचं देणं न ठेवलेल्या माणसाला पहिल्यांदाच पैसे न देण्याची चव कळली होती, आणि ती त्याला फार आवडली होती.

ऑगस्टच्या वीस तारखेला केनेउवेचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"न्ताते, तुमचा इतिहास झाला."

तो धुळीच्या कपड्यांतच धावत गेला. केनेउवेने पडदा त्याच्याकडे फिरवला. नाव, पत्ता आणि त्याखाली लाल अक्षरांत एक ओळ.

"काय लिहिलंय?"

"देणं बुडवणारा," केनेउवे म्हणाली. "सत्तावन्न रँड आणि दंड. पण बघा ना, आता निदान तुम्ही दिसता तरी."

सेआबाताने तिथल्या तिथे पैसे काढून काउंटरवर आपटले. पण ते बँकेचे नव्हते, दुकानाचे होते. दुकानात भरले तरी डाग पुसायला कागद करावे लागणार, कागद मोठ्या शहरात जाणार, आणि तिथून कधी परत येतील ते तिथल्या लोकांनाही माहीत नव्हतं. म्हातारीच्या मुदतीला अकरा दिवस होते. गाड्या धुणारा तर फीत घेऊन आवार मोजूनही गेला होता. सासूबाई उभ्या होत्या तिथेच तो पाण्याची टाकी बसवणार होता.

त्या रात्री माथाबेलोने मक्याच्या पिठाच्या घट्ट 'पाप'च्या पातेल्यावर डाव आपटला आणि भावाला बोलावणं धाडलं.

पाकिसोने दोनदा वाढून घेतलं, बोटं पुसली आणि मग बोलला. "घरातली गोष्ट आहे, स्बारी. जमीन माझ्या नावावर घेऊ. सत्तर हजार तुमचे, बाकी बँक मला देईल. तुमचा डाग पुसला की जमीन तुमच्या नावावर."

"आठ दुकानांचं देणं असलेल्याला देईल?"

"आठ दुकानांचं आहे म्हणूनच देईल."

तीन दिवसांत दिलं. केनेउवे उभी राहून पाकिसोशी हस्तांदोलन करत होती आणि सेआबाता बाजूच्या खुर्चीवर सत्तर हजारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. म्मे दिबुओने सही केली, पैसे मोजले, आणि जाताना नव्या मालकाला म्हणाली, "माझ्या भाडेकरूला सांभाळ. पैशाला सरळ आहे."

बँकेचा हप्ता आता आवाराच्या भाड्याइतकाच होता. तो पाकिसोच्या हातात देणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, बँकेचं दार उघडताना, सेआबाता रांगेत पहिला असायचा आणि पाकिसोच्या खात्यात पैसे भरायचा. थंडीत, धुळीच्या वादळात, एकदा तर भिशीतल्या मयताला खांदा देऊन तसाच काळ्या कोटात. एकही तारीख चुकली नाही. पाकिसो महिन्यातून दोन रविवार मटण खायला यायचा. "मालकाने अधूनमधून जागा बघायला हवी," म्हणायचा.

वर्ष झालं. सप्टेंबरच्या एक तारखेला हप्ता भरून झाल्यावर सेआबाताने केनेउवेला आपल्या डागाचं विचारलं.

"कागद अजून फिरताहेत, न्ताते. पण तुम्ही आलातच आहात तर हे घेऊन जा." तिने टेबलाखालून एक मोठी हिरवी छत्री काढली आणि सोबत सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. "तुमच्या मेहुण्यांचं. आमच्या शाखेतले सगळ्यात वक्तशीर कर्जदार. त्यांना सांगा, अजून दोन लाख हवे असतील तर नुसता फोन करा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "राग मानू नका, पण तुमच्याच घरात असा माणूस आहे. शिका काहीतरी त्यांच्याकडून."

सेआबाता छत्री काखेत मारून, प्रमाणपत्राला घडी पडणार नाही असं धरून दोन मैल चालत घरी आला.

पाकिसोने प्रमाणपत्र तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी आवारात येऊन त्याने 'उधार नाही' ही पाटी न्याहाळली आणि मान हलवली. "स्बारी, आता इथं मालकाच्या नावाची पाटी हवी. चांगल्या दगडात कोरा. लोकांना कळायला नको, कुणाची जागा ते?"

"कोरतो की," सेआबाता म्हणाला. "त्यात काय."

आठ दिवस त्याने काम केलं. काळा ग्रॅनाइट, आरसा वाटावा अशी झिलई. रविवारी मटण खाऊन पाकिसो बघायला आला, तेव्हा पाटी कुंपणाला टेकून उभी होती, सासूबाईंच्या शेजारीच. वर सुबक अक्षरांत पाकिसोचं पूर्ण नाव होतं. त्याखाली जन्मतारीख. आणि त्याखाली वीतभर मोकळा, चकचकीत दगड.

पाकिसोने नाव वाचलं, हसला. मग खाली पाहिलं, आणि आईच्या दगडाकडे पाहिलं.

"जन्मतारीख कशाला घातली, स्बारी?"

"जागेचे निम्म्याच्या आसपास पैसे माझे भरून झालेत ना. नियम म्हणजे नियम."

"आणि ही खालची जागा?"

सेआबाताने छिन्नीवर फुंकर मारली आणि ती फडक्यात नीट गुंडाळली. "ती शेवटच्या हप्त्याला," तो म्हणाला. "काळजी करू नकोस. हप्ते मी भरतोय. एकही चुकणार नाही."