शिंगोटे सरांचे लहान देश

डिंगोऱ्याजवळच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायला लागलो, ते नव्वदच्या दशकातले दिवस. पहिल्याच दिवशी पाहिलं, तर सगळ्या मास्तरांच्या खिशाला पेन आणि नागरिकशास्त्राच्या शिंगोटे सरांच्या खिशात भिंग. मला वाटलं, नजर अधू असेल. नजर अगदी शाबूत होती. तास सुरू झाला की सर जगाच्या नकाशापाशी जायचे, भिंग धरायचे आणि एकेका पोराला जवळ बोलवायचे.

"ह्यो ठिपका बघितला का? माशी बसलीय वाटतंय ना? माशी न्हाई, माल्टा हाय. देश हाय तो, राव!"

अमेरिका, रशिया, चीन या मंडळींची सरांना फारशी ओढ नव्हती. "त्यांचं पेपरात रोज येतंय. ह्यांच्याकडं कोण बघणार?" एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला अमेरिकेची राजधानी विचारली. एकालाही येईना. साहेब चिडून म्हणाले, "मग येतं तरी काय तुम्हाला?" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उभं राहून भूतान, मालदीव, फिजी, आइसलँड अशा देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणून दाखवल्या. साहेबांना त्यातल्या किती बरोबर हेही सांगता येईना. त्यांनी शेरा न लिहिताच वही मिटली.

मधल्या सुट्टीत सरांचा ट्रान्झिस्टर कानाला असायचा. बातम्यांत एखाद्या बेटाचं नाव आलं, की हात वर करून ते आम्हाला गप्प करायचे. कुवेतमध्ये सैन्य घुसलं तेव्हा सर आठवडाभर धड जेवले नव्हते, असं शिपाई सांगायचा.

"पण सर, या चिमूटभर देशांचं जगात चालतं तरी काय?" मी एकदा विचारलं.

सर खुर्ची ओढून समोर बसले. "त्यांच्याकडं फौज न्हाई, बरोबर? म्हणून ते कायदा घट्ट धरत्यात. मोठ्याला कायदा म्हंजी अडचण वाटती, लहानाला तेच घराचं दार. जगाच्या सभेत मत मात्र लहानमोठ्या परत्येकाला एकच. धा लहान एकत्र आले, की मोठ्याला थांबून ऐकावं लागतं. आन् अजून एक. भांडणाऱ्यांना बसायला जागा लागती. ती लहानाकडं मिळती, कारण त्याची कुणाला भीती नसती."

आम्ही हसायचो. मीही हसायचो. मग एका उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्यावरून दोन मोठी गावं भांडली.

येडगावच्या धरणाचं पाणी आधी कुणी घ्यायचं, यावरून बोलाचाली झाली, एकदा काठ्याही निघाल्या. मिटवायला बसायचं तर कुठं? हे गाव त्यांच्या देवळात जाईना, ते गाव यांच्या चावडीत येईना. दोन्ही गावांच्या मधे माळावर मेंढरं राखणाऱ्यांची बारा घरांची वाडी होती. तिला या भांडणात कुणी विचारलंच नव्हतं. सर सायकल घेऊन थेट त्या वाडीत गेले. सोबतीला मला नेलं.

वाडीतले म्हातारे तात्या बिचकले. "आमी गरिबांनी मधे पडायचं? उद्या दोन्हीकडनं मार खायचा? आन् आमच्यात सतरंजीबी न्हाई, सर."

"सतरंजी शाळेची आणतो. तुमी जागा द्या, चहा द्या. कुणाच्या बाजूनं शब्द बोलू नका. सगळं मिटलं, की मग आपलं एक मागणं ठेवा. एकच."

बैठक झाली. लिंबाखाली दोन्ही गावं समोरासमोर बसली. आवाज चढला की सर तात्यांना खूण करायचे आणि शेळीच्या दुधाचा चहा फिरायचा. चार वेळा फिरला. तिन्हीसांजेला पाळ्या ठरल्या, कागदावर सह्या झाल्या. मग तात्या उठून हात जोडून म्हणाले, "आमच्या मेंढरांना कालव्याकडंला एक हौद पायजे." इतका चहा प्यायल्यावर नाही कोण म्हणणार? महिन्याभरात हौद झाला.

बैठकीच्या संध्याकाळी परतताना मी मनापासून म्हणालो होतो, "सर, तुम्ही दोन गावं एका सतरंजीवर बसवलीत."

मला वाटलं, खूश होतील. सर सायकलवरून उतरले आणि चालायला लागले. मग म्हणाले, "दिवाळीत पाडव्याला माझ्याबरोबर घरी याल का? एकट्यानं जायला लई जड जातं."

सरांनी लग्न केलं नव्हतं, शाळेजवळ एका खोलीत राहायचे. घर आहे हे मला तेव्हाच कळलं. पाडव्याला गेलो. एकाच अंगणात दोन घरं, मधे छातीएवढी भिंत. थोरले भाऊ अलीकडं, मधले पलीकडं. वडील गेल्यावर विहिरीवरून बिनसलं आणि भिंत उठली. "मी माझा वाटा दोघांना देऊ केला," सर दारात हळूच म्हणाले. "दोघांनीबी घेतला न्हाई. आन् दोघंबी म्हणले, तू त्याचाच."

थोरल्यांकडं आम्ही फराळ केला. निघताना वहिनींनी नवऱ्याची नजर चुकवून सरांच्या पिशवीत पितळी डबा सरकवला. आम्ही रस्त्यानं वळसा घालून पलीकडच्या दारात गेलो. तिथंही ताटं वाढलेली. सर पुन्हा पोटभर जेवले. मग डबा काढून मधल्या भावापुढं ठेवला. आत अनारसे होते.

"कुठनं आणलं?" भावानं विचारलं.

"नारायणगावच्या बाजारातनं."

भावानं एक उचलला, उजेडात धरून त्याची जाळी पाहिली, खाल्ला. दुसरा घेतला. त्यांची बायको चुलीपाशी पाठमोरी उभी होती, पदर तोंडाला लावून.

शेवटी भाऊ तिला म्हणाले, "डब्यात आपल्या चकल्या भर. घरचा डबा हाय. रिकामा माघारी द्यायचा न्हाई."

सरांनी डबा घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमी स्टँडकडं व्हा पुढं, राव. मी एवढं देऊन येतो." डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते भिंतीच्या कडेनं थोरल्याच्या दाराकडं जवळजवळ पळतच निघाले.