तीस दिवसांच्या आत

पत्रलेखनात मार्तंडरावांचा हात धरणारा माणूस मंठ्यात नव्हता. मात्र त्यांचं पत्र मिळालेला माणूसही मंठ्यात नव्हता! ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक पत्राचा मसुदा करत, मसुद्याचा मसुदा करत आणि शेवटी ‘भाषा जरा उद्धट वाटते’ म्हणून तो कागद पुस्तकात खुणेला ठेवत.

असंच त्यांना आलेलं एक पत्र एकोणतीस दिवस उत्तराविना पडून होतं. वाटूरजवळच्या वीज उपकेंद्रालगत एक कंपनी बॅटऱ्यांचे डबे उभे करणार होती. दिवसाची सौर वीज साठवायची, संध्याकाळी गावांना द्यायची. एकेक डबा ट्रकवरच्या कंटेनरएवढा आणि असे चाळीस! पत्रासोबतच्या नकाशात ते नेमके मार्तंडरावांच्या बांधाला खेटून होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल.’

शेत मार्तंडरावांचं, पण वीस वर्षं ते बटईनं कसत होता गयासोद्दीन. मोसंबीची दीडशे झाडं त्यानं लेकरांसारखी वाढवलेली.

“सर, डबे पलीकडच्या माळावर न्या म्हणावं. इथं एखादा पेटला तं माझी झाडं भाजून निघतील. लिवलं ना?”

“लिहिलं!” मार्तंडराव म्हणाले. हे खरं होतं. अकरा वेळा लिहिलं होतं.

“टाकलं?”

“टाकलं!”

हे मात्र खोटं होतं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. असल्या बॅटरीची आग विझवली तरी पुन्हा भडकते, असं त्यांनी वाचलं होतं. डोळे मिटले की दीडशे झाडांना निखारे लगडलेले दिसत. दाराची कडी वाजली की वाटे, कळलं गयासभाईला!

तिसाव्या दिवशी कडी वाजली. दारात गयासोद्दीन, मोटारसायकल चालूच.

“चला सर! पहिला डबा आला, आज पूजा हाय. साहेब लोक येऊन राह्यले. आपल्या पत्राचं काय झालं, तोंडावर विचारू!”

मार्तंडराव आत धावले. अकरावा मसुदा पाकिटात कोंबून त्यांनी खिशात घातला. गर्दीत कुणाच्या तरी हातात हळूच सरकवू, असा त्यांचा बेत होता.

बांधापलीकडे मांडव, खुर्च्या आणि मधोमध पांढराशुभ्र डबा. प्रमुख पाहुण्यांचा अजून पत्ता नव्हता. तेवढ्यात पांढरा सदरा, जाड चष्मा, खिशात पाकीट असा वयस्क गृहस्थ अवतरला!

“आले, आले!” ठेकेदार धर्मराज ओरडला. मार्तंडराव ‘नाही’ म्हणेपर्यंत अंगावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात बिनवायरचा माइक!

“बोला सर! बिलकुल घाबरू नका!” गयासोद्दीनची छाती फुगली.

‘माझी हरकत आहे.’ तीनच शब्द. मार्तंडरावांनी डोळे मिटून तोंड उघडलं. पण घशात चाळीस वर्षांची ग्रंथालयाची वार्षिक संमेलनं बसलेली.

“या शुभप्रसंगी मला अतिशय आनंद होत आहे!”

टाळ्यांचा कडकडाट! गयासोद्दीनचा चेहरा पिळलेल्या मोसंबीसारखा झाला.

मग आरती. धर्मराजची भक्ती अशी उतू गेली, की त्यानं डब्याचं दार उघडलं. “आतल्या मशीनलापण धूप दाखवा की!” म्हणत धुपाटणंच आत नेलं.

भोंऽऽऽ! भोंऽऽऽ!

“आग! आग लागली! पळा!”

खुर्च्या उडाल्या, मांडव एका बाजूला बसला. सगळ्यांत पुढे मार्तंडराव! गुडघेदुखी मांडवातच राहिली. शाल सांभाळत ते मोसंबीत घुसले आणि एका झाडाला मिठी मारून ओरडले, “गयासभाई! मरायच्या आधी सांगतो! मी पत्र टाकलंच नाही हो!”

माइक चालूच होता. कबुली उपकेंद्रापर्यंत घुमली.

तोवर भोंगा बंद झाला. कंपनीची इंजिनिअर मधुवंती ओरडत होती, “आग नाही! धूर लागला की भोंगा वाजतोच! धुपाटणं बाहेर काढा आधी!”

सगळं शांत झालं. कर्ण्यातून एकच आवाज उरला. “अकरा मसुदे केले हो... अकरा...”

गयासोद्दीन झाडाजवळ आला.

“सर, माइक बंद करा.”

त्यांनी केला.

“वीस सालात तुम्ही माझ्याशी कधी झूट न्हाई बोलले.”

“भीती वाटली.”

“कंपनीची?”

“चुकण्याची.”

गयासोद्दीननं फक्त मार्तंडरावांच्या हाताखाली दबलेली फांदी हलकेच सोडवली. ते मार्तंडरावांना जास्त लागलं.

मागून मधुवंती आली. “काका, लेखी हरकत आली की नकाशा थांबतो, पुन्हा पाहणी होते. आज शेवटचा दिवस आहे. पत्र आहे का? द्या, माझ्याच नावानं असणार.”

मार्तंडरावांनी खिसा घट्ट दाबला. समोर उभ्या माणसाच्या हातात पत्र? आणि तिनं इथंच वाचलं तर?

“नको! पोस्टानं येईल!”

“अहो, मी इथंच उभी आहे!”

“आजच्या शिक्क्याचं चालेल ना?”

“चालेल, पण...”

“सर, जल्दी बसा!” गयासोद्दीननं किक मारली.

मंठ्याच्या पोस्टाची खिडकी बंद व्हायला पाचच मिनिटं होती. खिडकीतल्या बेबीनंदाबाईंनी पाकिटाचं एक टोक धरलं. दुसरं मार्तंडरावांनी.

“सोडा ना, काका!”

“तिसऱ्या ओळीतला ‘कृपया’ जरा...”

गयासोद्दीननं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ठप्प! शिक्का बसला.

मार्तंडरावांनी घाम पुसून पावतीसाठी हात पुढे केला. गयासोद्दीननं ती आधीच आपल्या खिशात घातली होती.

“माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या, सर. तुमच्याकडं आली की पुस्तकात जाईल.”